शंभर फुटीच्या गॅरेजांमागची खोली : ताशी २५० रुपये, शेहेचाळीसातून चौदा ट्रॅक

सांगलीत 'डीजे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बॉक्सची भिंत येते. म्हणून डीजेचा सराव करायला ताशी भाड्यानं मिळणाऱ्या या खोलीला पाटी नाही. पाटी लावली की गल्ली तक्रार घेऊन दारात उभी राहील, असं मालकांचं म्हणणं. त्यांच्या शब्दाखातर मीही नाव आणि नंबर लिहीत नाही. शंभर फुटी रोडला गॅरेजांची रांग आहे. तिच्या मागच्या गल्लीत साउंड-मंडपवाल्यांचं गोडाऊन आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर ही खोली. गल्लीत 'मिक्सरची खोली कुठंय' विचारलं की पोरं सुद्धा जिना दाखवतात.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघते, नऊ वर्षं झाली. रात्री जेवणं उरकल्यावर हाऊस आणि टेक्नो हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकते, आणि वर्षातून एखाद-दुसरा तास-सव्वा तासाचा मिक्स, म्हणजे एकातून दुसऱ्यात न थांबता जाणारी ट्रॅकची माळ, करते. लग्नात वाजवत नाही, मिरवणुकीत वाजवत नाही. पुण्यात, कोल्हापुरात, इचलकरंजीत मिळून पंधरा-वीस मित्रमैत्रिणी आहेत, त्यांच्यासाठी करते. त्यातला एक जण रात्रपाळी संपवून पहाटे गाडीवरून घरी जाताना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. त्या एका ऐकण्यासाठी मी तीन-तीन महिने ट्रॅक निवडत बसते.

घरी ट्रॅक मिसळायचा दोन चॅनेलचा छोटा कंट्रोलर आहे आणि हेडफोन. चार वर्षं सगळी निवड त्यावरच केली. यंदा मे महिन्यात पहिल्यांदा या खोलीत गेले, तेव्हापासून सात रविवार झाले. जे इथं कळलं ते घरी चार वर्षांत कळलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी व्यवहार. ताशी २५० रुपये, कमीत कमी दोन तास. आगाऊ मागत नाहीत. वेळ मोजायला सुरुवात करतात ती तुमचा पेन ड्राइव्ह लागून पहिला आवाज आल्यापासून. माझ्या पहिल्या रविवारी पेन ड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटमध्ये होता, प्लेअर वाचेना. घरी जाऊन फॅट-३२ करून परत येईपर्यंत पाऊण तास गेला, त्याचा एक रुपया लावला नाही. तुम्ही जाणार असाल तर ते घरूनच करून जा आणि रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधून ट्रॅकच्या याद्या त्यावर उतरवून न्या. दोन सीडीजे, म्हणजे डीजेचे प्लेअर, आहेत आणि चार चॅनेलचा मिक्सर. सगळं जुनं, दुसऱ्या हाताचं, पण पुसून-झाकून ठेवलेलं. दोन्ही प्लेअर केबलने जोडलेत, त्यामुळे एकाच पेन ड्राइव्हवर दोन्हीकडे काम होतं.

आवाजाची व्यवस्था दोन पातळ्यांवर आहे. कानाच्या उंचीला आठ इंची मॉनिटर स्पीकरची जोडी, आणि कोपऱ्यात एक अठरा इंची बेसचा बॉक्स, त्याला वेगळं बटण. भिंतींना रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी लोकर, भरलंय, वरून मंडपाचं मरून कापड ताणलंय. दाराला आतून जुनी गादी ठोकलीय. दिसायला गबाळं, पण खोलीत टाळी वाजवली तर ती घुमत नाही, जागच्या जागी विरते.

सामान वरच्या मजल्यावर का, याचं उत्तर जिन्यातच आहे. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ आहे आणि तिच्याखाली विटकरीने लिहिलंय, २०१९. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. खालचे बॉक्स, ॲम्प्लिफायर सगळे गेले. त्यानंतर मालकांनी जपायचं सामान वर नेलं, आणि नुसतं ठेवण्यापेक्षा कुणीतरी वाजवावं म्हणून खोली भाड्यानं द्यायला लागले.

एकटी बाई गोडाऊनच्या वरच्या खोलीत जाणार म्हटल्यावर आईने चार प्रश्न विचारले होते. म्हणून हेही सांगते : जिन्यात दिवा आहे, संडास-बाथरूम वेगळं आणि धुतलेलं आहे, दाराला आतून कडी आहे. खाली काकू, म्हणजे मालकांच्या मिसेस, रात्री नऊपर्यंत मंडपाची बिलं करत बसलेल्या असतात. पहिल्या दिवशी त्यांनीच चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "दार लावून घे गं, आवाज खाली आला तरी चालतोय."

आता मुख्य कामाचं. मी शेहेचाळीस ट्रॅक घेऊन गेले होते. मिक्स सत्तर मिनिटांचा करायचा होता. या संगीतातला एक ट्रॅक साधारण सहा-सात मिनिटांचा असतो, त्याचं पहिलं आणि शेवटचं मिनिट शेजाऱ्याच्या अंगावर चढलेलं असतं. प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटं धरली तर चौदा ट्रॅक लागतात. म्हणजे बत्तीस काढायचे. घरी हेडफोनवर मला त्यातले चाळीस तरी ठेवावेतच असे वाटत होते.

बेसचं बटण दाबलं आणि पहिल्या तासात अकरा गेले. हेडफोनमध्ये किक, म्हणजे ठेक्याचा खालचा ठोका, आणि बेसलाइन, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, दोन्ही नीट वेगळ्या ऐकू येतात. अठरा इंचीवर कळतं की एखाद्याची किक लांब आहे, तिची शेपटी बेसलाइनच्या सुरांवर पडते आणि दोन्ही मिळून पोटात नुसता गोळा उठतो. एकटा वाजला तर असा ट्रॅक खपून जातो. मिक्समध्ये मात्र जुन्याचा बेस कापून नव्याचा उघडायचा असतो, तोही अगदी आठ किंवा सोळा बारच्या (एक बार म्हणजे चार ठोके) हद्दीवर. गोळा झालेल्या बेसनंतर स्वच्छ बेस आला तर मजला खचल्यासारखा वाटतो, आणि उलट क्रमाने आला तर खोलीत कुणीतरी पोतं टाकल्यासारखं.

दुसऱ्या रविवारी आणखी सात गेले, ते सुरुवातीमुळे. १२४ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२४ ठोके असताना, एक बार जवळजवळ दोन सेकंदांचा होतो. आठ बार म्हणजे साडेपंधरा सेकंद, बत्तीस बार म्हणजे एक मिनिट. सुरुवातीला नुसत्या ठेक्याचे बत्तीस बार असले की नवा ट्रॅक आणायला अख्खं मिनिट मिळतं. फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, सावकाश चढवता येतो, टॉप (वरचा आवाज) आधी, मिड (मधला) नंतर, बेस सगळ्यात शेवटी. ज्यांची सुरुवात चार बारांतच गाण्यावर येते त्यांना जागाच नसते. घेताना मी 'एक्स्टेंडेड', म्हणजे लांब आवृत्ती, बघितलं नव्हतं, छोटी आवृत्ती घेऊन बसले होते. तीन ट्रॅकची लांब आवृत्ती मिळाली ती पुन्हा विकत घेतली, बाकीचे सोडले.

इथं माझी निवडायची पद्धतच बदलली. आमच्या अडतीवर सौद्याला व्यापारी येतो, ढिगात हात घालून एक हळकुंड उचलतो आणि मोडतो. नीट वाळलेलं असेल तर मोडताना धातूसारखा खणक आवाज येतो, आतला रंग दिसतो, आणि त्यावर पोत्यांचा भाव ठरतो. मीही ट्रॅक तसेच घ्यायचे. ऑनलाइन दुकानात मधला तुकडा ऐकायचा, खणकला की घ्यायचा. पण ट्रॅकचा मधला भाग बहुतेक वेळा चांगलाच असतो, त्यासाठीच तो केलेला असतो. मिक्समध्ये कामाला येतात ती दोन टोकं. आता मी प्रत्येक नव्या ट्रॅकचं आधी पहिलं मिनिट ऐकते, मग शेवटचं, आणि त्या दोन्हीत मन रमलं तरच मधे जाते.

फाइलींबद्दलही इथंच डोळे उघडले. एका ग्रुपवरून मिळालेल्या काही फाइलींवर '३२०', म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट, लिहिलेलं होतं. घरी काही कळलं नाही. इथल्या मॉनिटरवर हाय-हॅट, म्हणजे ठेक्यातल्या बारीक झांजा, ओल्या वाळूसारखे घसरत होते. घरी येऊन स्पेक्ट्रम, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या आवाजाचा आलेख, काढून बघितला तर १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं कोरं. १२८ ची फाइल फुगवून ३२० ची केलेली. तशा सहा होत्या. त्या पुसल्या, दोन तेवढ्या बँडकॅम्प या ऑनलाइन दुकानातून वॅव्हमध्ये, म्हणजे न दाबलेल्या मोठ्या फाइलीत, घेतल्या. सात मिनिटांची वॅव्ह सत्तर-पंच्याहत्तर एमबीची होते, ३२० ची खरी एमपी-३ सतरा एमबीच्या आसपास. खरी ३२० असेल तर मला या खोलीतही फरक सांगता येत नाही, पण फुगवलेली ओळखायला आता एक बारही पुरतो. एका ट्रॅकला साधारण दीड-दोन डॉलर पडतात, आणि बँडकॅम्प फ्रायडेला, म्हणजे वर्षातल्या काही ठराविक शुक्रवारी, घेतला तर दुकान स्वतःचा हिस्सा सोडतं, म्हणून यादी मी त्या शुक्रवारपर्यंत धरून ठेवते.

मालक सहसा वर येत नाहीत. तिसऱ्या रविवारी पंखा बघायला आले आणि दारात उभे राहून ऐकत राहिले. "ताई, हे हाऊस हाऊस म्हणताय, म्हणजे घर का?" असं विचारलं. मी सांगितलं, की शिकागोत वेअरहाऊस नावाचा क्लब होता, १९७७ पासून फ्रँकी नकल्स तिथं वाजवायचे, आणि तिथं जे वाजतं ते म्हणून लोक रेकॉर्डच्या दुकानात 'हाऊस' मागायला लागले. काकांनी विचारलं, वेअरहाऊस म्हणजे? मी म्हटलं, गोडाऊन. ते खालच्या जिन्याकडे बघत म्हणाले, "मग आमच्यातलंच की हे."

टेक्नोचं सांगितलं तेव्हा डेट्रॉइटचं नाव त्यांना माहीत होतं, मोटारींमुळे. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघं जवळच्या बेलव्हिलमध्ये एकाच शाळेत होते, हे ऐकून ते खूश झाले. पण मला त्या दोन शहरांचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी होता. माझा मिक्स १२० वर मऊ हाऊसने सुरू होतो आणि १३० वर टेक्नोत संपतो. तेरा सांध्यांत दहा बीपीएम, म्हणजे सांध्याला पाऊणच्या आसपास. इतकं हळू चढलं तर कानाला कळत नाही, पायाला कळतं. वेग ही सोपी गोष्ट. अवघड आहे ते ठेक्याचं वळण. हाऊसचे हाय-हॅट थोडे मागे रेलून चालतात, झुलतात. टेक्नोचे सरळ रेषेत. झुलणाऱ्यावरून सरळ ठेक्यावर एकदम गेलं की दोन माणसं एकाच दारातून निघताना धडकावीत तसं होतं. त्यासाठी मधे असे ट्रॅक लागतात ज्यांच्या सुरावटी हाऊसच्या आणि ढोल टेक्नोचे. शिकागो ऐकत वाढलेल्या डेट्रॉइटच्या मंडळींकडे आणि त्यांना मानणाऱ्यांकडे ते सापडतात. शेहेचाळीसांत माझ्याकडे असे तीनच होते. ते सातव्या, आठव्या आणि नवव्या जागी बसवले आणि मग दोन्ही बाजूंना निवड सुरू केली. आधी मी पहिल्या ट्रॅकपासून ओळीने निवडत जायचे आणि मधे अडकायचे. आता मधून दोन्हीकडे जाते.

सगळ्यात जास्त शिकले ते पाचव्या रविवारी, आणि त्याचं श्रेय काकांना. त्यांचं आजोळ मिरजेत, तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत. लहानपणी सुट्टीत तिथं बसून ते तंबोऱ्याची जवारी काढताना बघायचे. घोडी कानसीने घासायची, तारेखाली धागा सरकवायचा, छेडायचं, पुन्हा घासायचं, असं तासन्‌तास. मी चौथा आणि पाचवा ट्रॅक जोडत होते. दोन्हींत मागे एक लांब धरलेला सूर आहे. सॉफ्टवेअर दोन्हींना ८ए म्हणजे ए मायनर दाखवत होतं, जुळणाऱ्या सुरपट्ट्यांच्या चक्रावर एकच घर, म्हणजे जमायलाच हवं. तरी मला काहीतरी टोचत होतं, काय ते कळत नव्हतं. काका दारातूनच म्हणाले, "ताई, दोन तंबोरे लागले नाहीत. दुसरा चढलाय."

मी दोन्ही नुसतेच वाजवून ठेवले. बेस बंद केला, ठेका खाली घेतला, फक्त ते दोन सूर. तेव्हा ऐकू आलं. सूर लाटांसारखा हलत होता, सेकंदाला चार-साडेचार लाटा. कारण साधं होतं. पाचवा ट्रॅक मुळात १२०.५ बीपीएमचा, मी तो १२३ ला आणला होता, म्हणजे दोन टक्के वर. मास्टर टेम्पो बंद ठेवला होता, कारण तो चालू केला की या प्लेअरवर हाय-हॅटची धार बोथट होते असं मला वाटतं. मास्टर टेम्पो बंद असताना वेगाबरोबर सूरही चढतो. साधारण सहा टक्क्यांना एक पूर्ण अर्धस्वर, तर दोन टक्क्यांना त्याचा तिसरा हिस्सा. सॉफ्टवेअर घर सांगतं ते मूळ वेगावरचं. मी त्याच घरातला सूर तेवढा चढवून शेजारी नेऊन ठेवला होता.

मास्टर टेम्पो चालू करून बघितला, लाटा थांबल्या, काकांनी मान हलवली. पण ट्रॅकचा तजेलाही थोडा गेला. तासभर दोन्ही बाजूंनी करून बघितल्यावर मी वेगळीच वाट काढली : दोघांच्या मधे नुसत्या ढोल-झांजांचा, सूरच नसलेला एक ट्रॅक घातला. तीन मिनिटांत कान कोरा होतो आणि मग पाचवा त्याच्या चढलेल्या सुरातच येतो, कुणालाही टोचत नाही. तेव्हापासून माझ्या यादीत प्रत्येक ट्रॅकपुढे सुराच्या घरासोबत तो किती टक्के वर किंवा खाली जाणार हाही आकडा असतो.

त्याच संध्याकाळी काकांना हिंदी सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंगांचं ऐकवलं. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या बेसच्या आणि टीआर-८०८ या ठेक्याच्या मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. त्याच ३०३ चा पिळवटलेला आवाज शिकागोतून ॲसिड हाऊस म्हणून जगभर गेला तो पुढे पाच वर्षांनी. काका दोन ट्रॅक उभ्यानेच ऐकत राहिले, मग खाली जाऊन काकूंना बोलावून आणलं. ती रेकॉर्ड मी मिक्समध्ये घेतली नाही. ती ऐकताना मला पुढे काय लावायचं हे सुचतच नाही, ऐकावंसंच वाटतं.

हे असंच माझ्या अत्यंत आवडीच्या एका नऊ मिनिटांच्या ट्रॅकचं झालं. तो मी दोन वर्षं राखून ठेवला होता. अकराव्या जागी घातला तर बारावा फिका पडायचा. चौदाव्या जागी घातला तर तो येईपर्यंतचं सगळं त्याचीच वाट बघत असल्यासारखं वाटायचं. पहिल्या जागी घातला तर दुसऱ्याला उभंच राहता येईना. सहाव्या रविवारी काढून टाकला. घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं. रात्री उरलेला मिक्स ऐकला तेव्हा दहाव्या आणि बाराव्या ट्रॅकमधल्या बारीक घंटा पहिल्यांदा नीट ऐकू आल्या.

खोलीचा एक उपयोग तिथं गेल्याशिवाय सुचणार नाही, तो सांगते. सांधा जमला असं वाटलं की वाजता ठेवून बाहेर या, दार लावा आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या राहा. गादीच्या दारातून फक्त खालचा आवाज येतो. तेवढ्यावर पाय हलत असेल तर सांधा पक्का. बेस बदलताना जिन्यात मधेच पोकळी पडली तर आत जाऊन चार बार अलीकडे बदलायचा. मी तेराही सांधे असे जिन्यात उभं राहून तपासले.

उणिवा आहेत. एसी नाही, आणि रॉकवूलच्या खोलीत मे महिन्यात दुपारी बसवत नाही. सकाळी आठची वेळ मागून घ्या, देतात. डावीकडच्या प्लेअरचं क्यूचं, म्हणजे ट्रॅक ठरलेल्या जागी आणायचं, बटण झिजलेलं होतं, दोनदा दाबावं लागायचं. सांगितल्यावर दोन रविवारांत बदललं. मागच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर सुरू झाला की बारीक घरघर येते, सूर जुळवत असाल तर ती त्रास देते, रविवारी गॅरेज बंद असतं म्हणून मी रविवारच धरते. वाय-फाय नाही. गणपतीत पंधरा-वीस दिवस खोली बंद, कारण मालकांचं स्वतःचं सामान आणि माणसं बाहेर असतात. बेसच्या बॉक्सची पातळी त्यांनी एका खुणेच्या वर चढवू न देण्याचा नियम केलाय आणि रात्री नऊनंतर तो बंदच. मला त्याचा काही तोटा वाटला नाही; निवडायला तेवढा आवाज पुरतो, आणि दोन तासांनंतरही कान ताजे राहतात. भडंग आत नेऊ देत नाहीत. एकदा कुणाच्या तरी तेलकट बोटांनी फेडर चिकटला होता म्हणे. खायचं ते काकूंच्या टेबलाशी बसून.

कुणासाठी आहे ही खोली? लग्नाच्या ऑर्डरी घेणारी दोन पोरं शनिवारी येतात, एक जण हिप-हॉपवाला आहे, स्क्रॅचिंग करतो. नुसती मजा म्हणून तासभर वाजवायला आलात तर बहुधा गरम होऊन निघून जाल. पण तुमच्याकडे यादी असेल आणि त्यातलं अर्ध्याहून अधिक काढून टाकायचं असेल, तर सांगली-मिरजेत मला याहून चांगली जागा माहीत नाही. मी आतापर्यंत सोळा तासांचे ४,००० रुपये दिलेत. तेवढ्यात घरचे हेडफोन बदलता आले असते, ते न बदलल्याचं मला समाधान आहे.

मिक्स रेकॉर्ड झाला, एकाहत्तर मिनिटांचा. रात्रपाळीवाल्या मित्राने ऐकून फक्त एवढंच कळवलं, की अकराव्यातून बाराव्यात जाताना त्याने गाडी हळू केली. चांगल्या अर्थाने की वाईट, ते त्यालाही सांगता येईना. येत्या रविवारी सकाळी आठची वेळ घेतली आहे, तो सांधा जिन्यात उभं राहून पुन्हा ऐकणार आहे.